दिसायला सारखे, अर्थाने वेगळे : काही इंग्रजी शब्दांचा अभ्यास



साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. तेव्हा राजवाड्यात भरणारी ही शाळा पुढे छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. या दिवसासाठी आमच्या रविवारच्या वर्गातील मुलांनी एकदा फलक रंगवून आणला. अक्षर सुरेख, रंगही छान. पण लिहिले होते 'विद्यार्थी दीन'. विहारात बसलेले एक वयस्कर गृहस्थ फलक वाचून म्हणाले, "आमच्या वेळेला विद्यार्थी दीनच होते हो, पण आता कशाला?" सगळे हसले. मुलांनी पांढरा रंग मागवून वेलांटी दुरुस्त केली.

'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, केविलवाणा. एका वेलांटीने एवढा फरक पडतो. तरी मराठीत अशा जोड्या थोड्या आहेत, कारण आपली लिपी बहुतेक उच्चाराबरहुकूम चालते. इंग्रजीचे तसे नाही. तेथे उच्चार एक आणि स्पेलिंग दोन, किंवा स्पेलिंग जवळजवळ एक आणि अर्थ दोन टोकांचे, असा प्रकार पावलोपावली आहे. आपण इंग्रजी शब्द आधी कानाने शिकतो, मनात देवनागरीत लिहून ठेवतो आणि मग कागदावर उतरवतो. देवनागरीत 'कास्ट' हा शब्द एकच आहे. इंग्रजीत ते दोन शब्द आहेत. घोटाळा तेथेच होतो.

स्मरणिकेसाठी 'इंग्रजी सुधारण्याचे उपाय' या विषयावर लिहावे, असे संपादक मंडळाने आम्हास सांगितले होते. एवढा मोठा विषय आमच्या आवाक्यातला नाही. त्यातला एक लहानसा कोपरा घेऊन आम्ही येथे मांडतो. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी आपल्या मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली होती. मराठी शब्दाला नेमका कोणता इंग्रजी शब्द लागू पडतो आणि कोणता पडत नाही, याची सवय बाबासाहेबांना अशी घरातच लागली. तो पाया नसता तर पुढचे लंडन-न्यूयॉर्क कठीण होते, असे आम्हास वाटते. ज्यांच्या घरात असा बाप नाही, त्यांना हे काम वर्गात करून घ्यावे लागते.

आता 'कास्ट'कडे वळू. काही वर्षांपूर्वी वर्गातील एका मुलाने परदेशी शिष्यवृत्तीसाठी लिहिलेला अर्ज आम्हाला वाचायला दिला. स्वतःच्या गावाची, पाणवठ्याची, आजोबांच्या कष्टांची हकीकत त्याने मनापासून लिहिली होती. पण साऱ्या अर्जात जेथे जेथे 'जात' म्हणायचे होते, तेथे तेथे त्याने सी-ए-एस-टी एवढेच लिहिले होते. शेवटचा 'ई' कोठेच नव्हता. आम्ही त्याला विचारले, "बाळ, संगणकाने चूक दाखवली नाही का?" तो म्हणाला, "सर, एकही लाल रेघ आली नाही." ती येणारच नव्हती. सी-ए-एस-टी हाही खरा इंग्रजी शब्द आहे. चुकीच्या जागी बसलेला बरोबर शब्द यंत्राला पुष्कळदा कळत नाही.

त्याला आम्ही दोष दिला नाही, याचे कारण सांगणे भाग आहे. आमच्याच मंडळाच्या इंग्रजी पत्रव्यवहारात कित्येक वर्षे हाच शब्द 'ई'शिवाय गेला होता. मसुदा करणारे आम्हीच होतो.

'ई' नसलेल्या कास्टचा मूळ अर्थ टाकणे, फेकणे. नदीत जाळे टाकणे, मत टाकणे, यांना इंग्रजीत हेच क्रियापद आहे. मराठीतही आपण मत 'टाकतो', हा योगायोग ध्यानात ठेवायला सोयीचा आहे. सभेत समसमान मते पडली तर अध्यक्ष जे निर्णायक मत देतात, ते कास्टिंग व्होट. सांगली जिल्ह्यातल्या लोकांना दुसरा अर्थ सहज कळेल. किर्लोस्करवाडीला १९१० पासून नांगर आणि पुढे पंप तयार होऊ लागले. त्यातले बिडाचे भाग वितळलेला रस साच्यात टाकून केले जातात. म्हणून बीड म्हणजे कास्ट आयर्न. मोडलेल्या हाताला प्लॅस्टर घालतात तेही कास्ट, आणि नाटक-सिनेमातील नटसंचही कास्टच. या सगळ्यांत 'ई' नाही.

'ई' असलेला कास्ट मात्र आपल्या देशावर चिकटलेला. तो पोर्तुगीज लोकांच्या 'कास्ता' या शब्दावरून आला. कास्ता म्हणजे वंश, कूळ, जनावराची जात. पोर्तुगीज पश्चिम किनाऱ्यावर आले, त्यांनी येथील समाजाचे कप्पे पाहिले आणि आपल्याकडचा शब्द त्यांना लावला. पुढे इंग्रजांनी तो घेतला. गंमत अशी की साधारण १८०० पर्यंत इंग्रजही हा शब्द बहुधा 'ई'शिवायच लिहीत. त्यामुळे कंपनी सरकारच्या एखाद्या जुन्या कागदात तसे आढळले तर ती चूक समजू नये. आजच्या कागदात मात्र ती चूकच. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि प्रत्यक्षात होऊ न शकलेले भाषण 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने पुस्तकरूपाने निघाले. त्याच्या मुखपृष्ठावरचा शेवटचा 'ई' गाळून पाहावा. जातीचे निर्मूलन जाऊन नटसंचाचे निर्मूलन उरते.

याच शब्दाची पुढची जोडी अधिक महत्त्वाची आहे. 'आउटकास्ट' हा शब्द 'ई'शिवायही आहे आणि 'ई'सहही आहे. 'ई'शिवाय म्हणजे बाहेर टाकलेला. आपल्याकडे त्याला वाळीत टाकलेला म्हणतात. येथेही 'टाकणे' आहेच. एखाद्या जातपंचायतीने आपल्याच जातीतल्या कुटुंबाला वाळीत टाकले तर ते कुटुंब या अर्थाने आउटकास्ट. अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदाही केला. पण त्या कुटुंबाची जात कोठे गेलेली नसते. 'ई'सह आउटकास्ट म्हणजे ज्याला त्या वर्णांच्या चौकटीत कधी जागाच नव्हती तो. त्याला कोणी एके दिवशी बाहेर काढले असे घडलेले नाही; तो जन्मतःच बाहेर. १९३३ साली गांधीजींच्या 'हरिजन' पत्राच्या पहिल्या अंकात बाबासाहेबांचे जे छोटे निवेदन छापले गेले, त्यात हा दुसरा शब्द आहे. जातिव्यवस्था आहे तोवर जातीबाहेरचा माणूस राहणारच, असा त्यांचा मुद्दा. तेथे 'ई' गळला तर सारा युक्तिवाद एखाद्या बहिष्कृत इसमाच्या तक्रारीएवढा होऊन बसेल. काही कोशांत हे दोन शब्द एकमेकांजवळ ठेवलेले दिसतात. आमचे मत असे की आपण तरी ते मिसळू नयेत.

आता याच्या शेजारचा शब्द. अनुसूचित जाती याला मुले 'शेड्यूल कास्ट' म्हणतात आणि तसेच लिहितात. बोलताना चालते. लिहिताना 'शेड्यूल'च्या शेवटी 'डी' हवा. शेड्यूल म्हणजे यादी, अनुसूची; 'डी' लागला की यादीत नोंदवलेली. संविधानाच्या ३४१ व्या कलमान्वये राष्ट्रपतींच्या आदेशाने ही यादी होते आणि पहिला आदेश १९५० सालचा आहे. त्या आदेशात आधी हिंदू धर्माची अट होती. १९५६ साली शीख धर्माचा आणि १९९० साली बौद्ध धर्माचा समावेश झाला. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतलेल्या लोकांना केंद्राच्या यादीत आपल्या धर्मासह उभे राहायला चौतीस वर्षे लागली.

यावरून फॉर्म भरतानाची एक नेहमीची चूक आठवते. धर्माच्या रकान्यात पुष्कळजण इंग्रजीत 'बुद्धा' लिहितात. बुद्ध हे तथागतांचे बिरुद आहे, धर्माचे किंवा अनुयायाचे नाव नव्हे. मराठीत आपण बुद्ध आणि बौद्ध असा भेद करतोच. इंग्रजीत अनुयायी म्हणजे बुद्धिस्ट, आणि १९९० च्या दुरुस्तीत हाच शब्द आहे. त्यातही मधला 'डी' दोनदा यावा. एकच 'डी' घातला तर वाचणारा बुध ग्रहाकडे जातो, नाहीतर आमच्या खटाव तालुक्यातल्या बुध गावाकडे.

यादीतल्या नावांच्या स्पेलिंगला किती वजन असते, हे आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांना वेगळे सांगायला नको. माण, आटपाडी, जत या भागांत धनगर समाजाची वस्ती मोठी आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ओरांवच्या शेजारी 'धनगड' असे नाव आहे. हा 'र'च्या जागी 'ड' पडून झालेला स्पेलिंगचा दोष आहे, धनगड म्हणजेच धनगर, असे त्या समाजाच्या संघटनांचे म्हणणे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या. त्याआधी २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलबा-कोष्टी प्रकरणात सांगितले होते की यादी जशी आहे तशीच वाचली पाहिजे. तिच्यात भर घालणे न्यायालयाचे काम नव्हे, ते संसदेचे. त्या मागणीच्या बऱ्यावाईटात आम्ही येथे शिरत नाही. पण इंग्रजी कागदावरचे एक अक्षर किती वर्षे आणि किती माणसे अडकवून ठेवू शकते, हे मुलांना सांगायला याहून मोठे उदाहरण आमच्याजवळ नाही.

पुतळा आणि कायदा यांचेही असेच आहे. पुतळा म्हणजे स्टॅच्यू, कायदेमंडळाने केलेला कायदा म्हणजे स्टॅट्यूट. लिहिताना फरक फक्त एका 'टी'चा. शेवटच्या 'यू' आणि 'ई'च्या मध्ये तो आला की पुतळ्याचा कायदा होतो. वर्गणीच्या एका पावतीपुस्तकावर इंग्रजीत 'कायदा समिती' छापलेले आम्ही पाहिले आहे. समिती पुतळ्याची होती. दोन्ही शब्दांचे मूळ लॅटिनमधील 'उभे राहणे', 'उभे करणे' या धातूत आहे, त्यामुळे ते भाऊभाऊच. चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या हातात ग्रंथ असतो, म्हणून एका मुलीने खूण सांगितली की स्टॅच्यूच्या हातात स्टॅट्यूट. खूण चांगली आहे आणि आम्ही ती वर्गात वापरतो. काटेकोर बोलायचे तर संविधान हे स्टॅट्यूट नव्हे. सर्व स्टॅट्यूट ज्याच्या कसोटीला लागतात ते संविधान. ते आपण २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारले. स्वीकारणे म्हणजे अॅडॉप्ट, मधले अक्षर 'ओ'. मधे 'ए' आला तर अॅडॅप्ट, म्हणजे परिस्थितीप्रमाणे फेरफार करून घेणे. मूल दत्तक घेतात ते 'ओ'ने. कादंबरीवरून नाटक करतात ते 'ए'ने.

प्राचार्य आणि तत्त्व यांची जोडी सर्वांना ठाऊक असते, तरी चुकते. दोन्ही 'प्रिन्सिपल'. शेवटी पी-ए-एल असेल तर मुख्य, प्रमुख. त्यामुळे कॉलेजचे प्राचार्य पी-ए-एल. बाबासाहेब १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले ते हेच. पतसंस्थेच्या पासबुकात व्याजाच्या शेजारी मुद्दल लिहितात, तेही पी-ए-एल, कारण मूळ मुख्य रक्कम ती. शेवटी पी-एल-ई असेल तर तत्त्व. संविधानाच्या चौथ्या भागातील मार्गदर्शक तत्त्वे पी-एल-ई आहेत. त्यांतले ४६ वे कलम दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शैक्षणिक व आर्थिक हितासंबंधी आहे. कर्जाच्या अर्जात तत्त्व फेडतो असे लिहिणारे लोक पुष्कळ आहेत. तत्त्व फेडता येत नाही.

कौन्सिल आणि काउन्सेल यांत आपल्याला कानही थोडी मदत करतो. सी-आय-एल हा शेवट सभेचा, मंडळाचा. एस-ई-एल हा शेवट सल्ल्याचा आणि न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडणाऱ्या वकिलाचा. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका १९९८ साली झाली, तिचे नगरसेवक पहिल्या स्पेलिंगचे. शाळेत किंवा दवाखान्यात मुलांना, रुग्णांना समजावणारे समुपदेशक दुसऱ्या स्पेलिंगचे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात मंजूर झाला आणि महाडचा १९२७ सालचा सत्याग्रह त्याच्या आधारावर उभा राहिला. बाबासाहेब १९२७ पासून त्या कौन्सिलाचे सभासद होते आणि हायकोर्टात ते काउन्सेल म्हणून उभे राहत. एकाच माणसाच्या संदर्भात दोन्ही शब्द येतात, म्हणून चरित्र वाचताना डोळा सावध ठेवावा.

याच कौन्सिलाच्या समितीवरून तीन शब्दांची एक गाठ सुटते. सायमन कमिशनबरोबर काम करण्यासाठी मुंबई प्रांताची जी समिती नेमली होती, तिच्या अहवालावर बाबासाहेबांनी सही केली नाही. १७ मे १९२९ रोजी त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला. प्रौढ मताधिकार हवा, ही त्यातली एक मागणी. बहुमताहून वेगळे मत असे नोंदवणे म्हणजे डिसेंट. स्पेलिंग डी-आय-एस-एस-ई-एन-टी. उच्चार तोच ठेवून डी-ई-एस-सी-ई-एन-टी लिहिले तर अर्थ होतो उतरण, आणि त्यावरून वंश, कूळ. सरकारी नोकरीत भेदभाव करता येणार नाही असे सांगणाऱ्या १६ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग यांच्या जोडीला हा कुळाचा शब्द मुद्दाम घातलेला आहे. आणि मधला 'एस' काढून डी-ई-सी-ई-एन-टी राहिले तर डीसंट, म्हणजे सभ्य, नीटनेटका. मुलाखतीत एका उमेदवाराने 'कुळावरून होणारा भेदभाव' असे लिहायचे ते 'सभ्य भेदभाव' लिहून ठेवले होते. त्याचे परीक्षक काय समजले कोणास ठाऊक.

बाकीच्या काही जोड्या भराभर सांगतो. दुधाची डेअरी आणि रोजनिशीची डायरी यांत 'ए' आणि 'आय' यांची जागा बदलते: डेअरीत 'ए' आधी, डायरीत 'आय' आधी. भिलवडी परिसरात दुधाचा धंदा मोठा, म्हणून की काय, आमच्या वर्गातील निम्मी मुले रोज रात्री डेअरी लिहितात. वह्या-पेन्सिलींची स्टेशनरी ई-आर-वाय. जागचे न हलणारे ते ए-आर-वाय. एसटी स्टँडजवळच्या पाट्या पाहाव्यात, अर्धी दुकाने जागीच खिळलेली आढळतील. फॉर्मवरील विवाहविषयक रकाना मॅरिटल, आणि सैन्याशी संबंधित ते मार्शल. 'टी' आणि 'आय' उलटसुलट झाले की लग्न आणि लढाई यांची अदलाबदल होते. यावर विवाहित मंडळी जे बोलतात ते येथे लिहीत नाही. पण मार्शल हा शब्द आपल्या इतिहासात गमतीचा नाही. लढाऊ जाती कोणत्या आणि बिनलढाऊ कोणत्या, हे इंग्रजांनी याच शब्दाने ठरवले आणि १८९० नंतर महारांची सैन्यभरती बंद केली. महार रेजिमेंटची पहिली पलटण बेळगावला उभी राहायला १९४१ साल उजाडले.

आणि आपल्या धम्मग्रंथांसंबंधी एक. विनय, सुत्त आणि अभिधम्म मिळून जे तिपिटक, त्याला इंग्रजीत पालि कॅनन म्हणतात. यात मधला 'एन' एकच. मूळ अर्थ मोजण्याची काठी, त्यावरून नियम, प्रमाणग्रंथ. 'एन' दोनदा घातला तर किल्ल्यावरची तोफ होते. विहारात लावण्यासाठी आलेल्या एका इंग्रजी तक्त्यावर आम्ही पालि तोफ वाचली आहे.

हे शिकवताना आम्हाला अनुभवाने एक कळले आहे. जोड्यांची यादी पाठ करून काही उपयोग होत नाही; परीक्षेत दोन्ही शब्द एकदम आठवतात आणि गोंधळ वाढतो. आम्ही प्रथम याद्याच देत असू, ते चुकले. आता एका रविवारी एकच शब्द घेतो, त्याची तीन-चार वाक्ये मुलांकडून त्यांच्या गावच्या गोष्टींवर करून घेतो, आणि दुसरा शब्द पंधरा दिवसांनी आणतो, तोवर पहिला हातात बसलेला असतो. शिवाय जुने अर्ज, पावत्या, दाखल्यांच्या झेरॉक्स यांची एक पिशवी ठेवली आहे. त्यांत चुका शोधायला मुलांना धड्यापेक्षा अधिक आवडते. शासनाने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. आमच्या पिढीला ते पाचवीपासून होते. तरी या विशिष्ट चुका दोन्ही पिढ्यांच्या सारख्याच आहेत, कारण दोघीही कानाने लिहितात.

त्या शिष्यवृत्तीच्या अर्जातले सगळे 'ई' त्या मुलाने रात्री बसून स्वतः घातले. एकदम सर्व बदलण्याची सोय संगणकात होती, पण ती त्याने वापरली नाही. ते बरे झाले, कारण त्याच अर्जात सरपंचाच्या निवडणुकीत मत टाकल्याचे एक वाक्य होते आणि तेथे 'ई' नको होता.